राजाचा खर्च आणि रयतेची जमा

दिवाळीनंतर आमच्या विहारातील रविवारच्या वर्गाची मुले घेऊन आम्ही नळदुर्गचा किल्ला पाहून आलो. बोरी नदी अडवून घातलेली धरणभिंत आणि तिच्या पोटातला पाणीमहाल पाहून मुले हरखली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने तो १६१३ साली बांधला, असे आम्ही सांगितले. त्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, शहानं बांधला म्हणजे दगड कुणी वाहिले? आन् ती माणसं राहत कुठं होती?"

आम्ही पडलो बी. कॉम. कीर्द-खतावणीचे विचारले असते तर लगेच सांगितले असते. त्या दिवशी गप्प बसावे लागले.

पुढचे दोन महिने कचेरी सुटली की आम्ही वाचनालयात जाऊन बसू लागलो. कपाटे राजांनी भरलेली. लढाया, राज्याभिषेक, राण्यांचे दागिने. कादंबऱ्या तर विचारूच नका. त्यांत नोकर-चाकर फक्त मुजरा करायला येतात. शेवटी आम्ही आपल्या धंद्यातलीच एक युक्ती लढवली. पुस्तक हाती आले की आधी मागची सूची उघडायची. त्यात बलुतेदार, वतन, वेठबिगार, दुष्काळ, धारा हे शब्द आहेत का ते पाहायचे. राजाचा खर्च सारेच लिहितात. जमा कुणाच्या घामातून झाली, हे जे सांगते ते पुस्तक घरी न्यायचे.

एकाच यादव राजवटीतले दोन ग्रंथ पाहा. देवगिरीचा प्रधान हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला. त्यात व्रते, दाने, श्राद्धे यांचा डोंगर आहे. त्याच काळात, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात वाटसरू आहेत, बाजार आहे, भिक्षेत पडलेले अन्न आहे, बायकांची बोलणी आहेत. भाषा जुनी आहे, पहिली वीस पाने जड जातात. टिपा असलेली प्रत घ्यावी आणि मोठ्याने वाचावी, म्हणजे कानाला ओळख पटते. सोबत मु. ग. पानसे यांचे 'यादवकालीन महाराष्ट्र' ठेवले तर बरे.

पुढच्या काळासाठी अ. रा. कुलकर्णी यांचे 'शिवकालीन महाराष्ट्र' घ्यावे. गाव, पाटील, कुलकर्णी, बलुते यांचा हिशेब त्यात नीट मांडला आहे. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, म्हणजे मध्ययुगीन नव्हे. पण गावाची जुनी घडी त्यात दिसते. लिहिणारे मुलकी खात्यातले, तेव्हा त्यांची नजर वरून खाली येते हे ध्यानात ठेवून वाचावे. ज्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, तिचे रोजचे रूप तिथे कळते.

आणि चोखोबा. त्यांचे, सोयराबाईंचे, कर्ममेळ्याचे अभंग संतगाथेत मिळतात. आपल्यातले काही बंधू म्हणतील, आता अभंग कशाला? आम्हीही ते भक्तीसाठी वाचत नाही. उष्टे, मेलेली ढोरे, देवळाबाहेरचे उभे राहणे हे ज्यांनी भोगले त्यांच्याच तोंडून आलेली ती साक्ष आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले, ते साल १३३८ सांगतात. ज्या कुसाच्या आत राहायची मुभा नव्हती त्याच कुसाखाली! बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, तो उगाच नव्हे.

वाचनालयात पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहावे, आणि चार घरांतून चौघांनी लिहावे. एकाची मागणी मागे पडते, हा आमचा अनुभव.

त्या मुलीने सध्या 'गावगाडा' नेला आहे. रात्री आजोबांना वाचून दाखवते. येसकराचा भाग आला की आजोबा तिला थांबवतात आणि आपल्या बापाची येसकरी सांगत बसतात. वाचन दोन पानांपुढे सरकत नाही, अशी तिची तक्रार आहे. आम्ही तिला एक कोरी वही दिली आहे.