घड्याळाचं सर्किट विकत आणा, पण चेहरा मुलांना करू द्या



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की एलईडी घड्याळ हमखास येतं. किट आणायचं, कुणाकडून तरी सोल्डरिंग करून घ्यायचं, दुकानातल्या चकचकीत अॅक्रिलिक डब्यात बसवायचं आणि मुलाकडून चार ओळी पाठ करून घ्यायच्या. झाला प्रकल्प!

एका प्रदर्शनात मी परीक्षक होते. अशाच एका चकचकीत घड्याळाला मी पहिला नंबर दिला. शेजारी चौथीतल्या मुलाचं घड्याळ होतं. सर्किट तेच, पण डबा मिठाईच्या खोक्याचा आणि कडा वेड्यावाकड्या. समोर लाल जिलेटिन पेपर चिकटवलेला. "सजावट कमी" असा शेरा मी मारला. निघताना सहज विचारलं, "हा लाल कागद कशाला रे?" तो म्हणाला, "मॅडम, कागद नव्हता तं उजेडात माले काहीच दिसत नही." लाल कागद लाल प्रकाश जाऊ देतो आणि बाकीचे रंग अडवतो, म्हणून आकडे उठून दिसतात. हे त्याने स्वतः शोधलं होतं आणि मी त्याचे गुण कापले होते. त्या दिवसाची बोच अजून आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: प्राथमिक वर्गात सर्किट तयार मिळालं तरी चालेल, पण घड्याळाची तबकडी आणि डबा मुलांच्याच हातचा हवा. अटल टिंकरिंग लॅब सहावी ते बारावीसाठी आहेत. आपल्या पहिली ते पाचवीच्या मुलांना सोल्डरिंगची घाई नाही. त्यांचं खरं शिकणं बाहेरच्या भागात आहे.

आधी एक खेळ घ्या. डिजिटल घड्याळातला आकडा सात रेघांचा असतो. सात काड्या देऊन मुलांना ८ करायला सांगा. मराठी शाळेतलं मूल देवनागरी ८ करू पाहतं आणि अडतं. ५ आणि ९ चंही तेच. इंग्रजी आठ मात्र सातही काड्यांत चपखल बसतो. मग मुलंच म्हणतात, "आपले आकडे पाहिजे तर गोल घड्याळ करू."

आमच्या वर्गाने तेच केलं. जळगाव म्हणजे ठिबक आणि पीव्हीसी पाइपांचा जिल्हा, शेतात तुकडे पडलेलेच असतात. १६० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचं एक कडं मी कापून आणलं. हीच घड्याळाची चौकट. पुठ्ठ्यावर ठेवून गिरवलं की तबकडी तयार. प्रत्येक आकड्यापाशी दोन दिवे: तासाचा लाल, मिनिटांचा हिरवा. हिरवा दिवा ४ पाशी लागला तर ४ पंचे २० मिनिटं. पाचाचा पाढा भिंतीवर चालू लागतो!

आता बारा आकडे सारख्या अंतरावर कसे मांडायचे? मुलांनी कड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मोजली: ५०२ मिलिमीटर. भागिले १२. उत्तर ४१, बाकी १०. वहीत आपण "बाकी १०" लिहून मोकळे होतो. इथे ती बाकी सोडली तर १२ आणि १ मध्ये ५१ मिलिमीटरची फट पडते आणि घड्याळ फसल्यासारखं दिसतं. बराच वाद झाला. शेवटी एका मुलीने पट्टीच्या आधी तीन सारख्या घड्या घातल्या, मग दोनदा निम्म्या केल्या. बारा भाग, मोजपट्टीशिवाय! बाकीचा अर्थ मला इतक्या वर्षांत फळ्यावर इतका नीट सांगता आला नव्हता.

डब्याचं कामही डोकं लावूनच होतं. वेळ लावायच्या बटणापर्यंत बोट पोचलं पाहिजे. वायर बाहेर काढायला खाच हवी आणि उष्णता जायला मागे भोकं हवीत, आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे. दिव्याचा टोकदार प्रकाश डोळ्यांत जाऊ नये म्हणून पुढे बटर पेपर. वीज गेली तरी वेळ लक्षात राहावी म्हणून आत नाण्यासारखा छोटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून झाकण स्क्रूनेच बंद करा. वीजपुरवठा ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवरच घ्या, थेट २३० व्होल्टला हात नको. सोल्डरिंग आणि पाइप कापणं मोठ्यांनीच करायचं.

शेवटची परीक्षा मागच्या बाकावरचं मूल घेतं. घड्याळ भिंतीवर लावा आणि त्याला वेळ विचारा. त्याला वाचता आली नाही तर आकडे मोठे करा.

पालकहो, "मुलाला जमत नाही, मीच करून देतो" असं म्हणू नका. कडा वाकड्या होऊ द्या. आणि परीक्षक मित्रांनो, गुण देण्याआधी एवढंच विचारा: "हे असं का केलंस?" मी तो प्रश्न शेरा मारल्यावर विचारला. तुम्ही आधी विचारा.