शिरपेच कुणाच्या डोक्यावर?

जव्हारला गेलेला पाहुणा शिरपामाळ बघितल्याशिवाय सहसा परतत नाही. १६६३ सालच्या अखेरीस सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि त्यांनी मानाचा शिरपेच देऊन महाराजांचं स्वागत केलं, म्हणून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. पाहुणे स्मारकापाशी फोटो काढतात, 'काय गार वारा सुटलाय' म्हणतात आणि गाडीत बसतात.

मला मात्र या गोष्टीत पाहुण्याइतकाच यजमान महत्त्वाचा वाटतो. जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. चौदाव्या शतकापासून थेट १९४८ पर्यंत इथे त्यांची गादी होती. म्हणजे त्या दिवशी मान देणारा हात आदिवासी राजाचा होता. आणि आज? वर्तमानपत्रात जव्हार-मोखाडा आलं की पुढचा शब्द कुपोषण, नाहीतर टँकर, नाहीतर स्थलांतर. सरकारी कागदावर इथल्या माणसाला एकच नाव उरलंय: लाभार्थी. साडेतीनशे वर्षांत यजमानाचा लाभार्थी झाला! हवामान बदलाच्या बाबतीतही तीच चूक होऊ घातली आहे असं मला वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाऊस बिघडलाय हे सांगायला आता शास्त्रज्ञ लागत नाही, पण त्यांनीही ते मोजलंय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस वाढला नाही, उलट कमी झाला. पण येतो तेव्हा अंगावर येतो. २०१९ चा ऑक्टोबर आठवतो? दिवाळी आली तरी पाऊस जाईना. ठाणे-पालघर-रायगडात कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं.

अशा वेळी "जुन्या जाणत्यांना पाऊस कळायचा" असं आपण हळवे होऊन म्हणतो. कावळ्याचं घरटं कुठल्या फांदीवर, मुंग्या अंडी कधी हलवतात, वगैरे. मला त्यात फारसा दम वाटत नाही. ज्या ऋतुचक्रावर ते ठोकताळे बसवले होते ते चक्रच हललंय, मग ठोकताळे चुकणारच. अंदाजाचं काम हवामान खात्याने करावं, ते त्यांना अधिक चांगलं जमतं.

पण आजोबांचं खरं ज्ञान अंदाजाचं नव्हतंच मुळी. अंदाज चुकला तरी चूल पेटती कशी ठेवायची, याचं होतं.

इथली शेतं बघा. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. खाली बांधाच्या खाचरात भात, तेही एकाच जातीचं नाही. पाणी लवकर ओसरतं तिथे हळवं, मध्ये निमगरवं, सखल पाणथळ जागी गरवं. हळवं तीन-साडेतीन महिन्यांत तयार, गरव्याला साडेचार महिने तरी हवेत. पाऊस लवकर पळाला तर हळवं पदरात पडतं. ऐन कापणीत कोसळला तर हळवं भिजतं, पण गरवं अजून हिरवं उभं असतं. दोन्ही गेली तर माळावरची नागली असते, आणि नागलीला सहसा कीड लागत नाही, कणगीत ती वर्षानुवर्षं टिकते. शिवाय बांधावर तूर, उताराला उडीद आणि खुरासणी. शेअर बाजारवाले 'सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका' असं फी घेऊन सांगतात. इथे ते कोळपी, दांगी, कसबई या भाताच्या नावांनी पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

आणि शेत पूर्णच बुडालं तर रान आहे. पावसाच्या तोंडाला शेवळ येतं, पण ते काकडाच्या फळांबरोबर शिजवलं नाही तर घसा खाजून जीव नकोसा होतो. कडूकंद तर राखेत उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. किती राख, किती वेळ, कोणता कंद घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते आजीच्या शेजारी बसून येतं.

इथेच खरी गोम आहे. शेजारी बसायला नातू हवा ना! दिवाळी झाली की पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. बियाणं राखेत घोळून कणगीत भरायचे, राबासाठी पालापाचोळा गोळा करून जमीन भाजायचे, उन्हाळ्यात कंद ओळखायचे दिवस येतात तेव्हा शिकवणारे पाड्यावर आणि शिकणारी पोरं भट्टीवर. ती शाळेलाही मुकतात आणि आजीलाही. 'तरुण पिढीला परंपरेचं काही नाही' असं म्हणणं सोपं आहे. पण पोट भरायला शंभर किलोमीटर जावं लागणाऱ्या पोराने परंपरा शिकायची कधी? गावात वेळेवर मजुरी मिळणारं काम ही माझ्या मते हवामान बदलावरची पहिली उपाययोजना आहे, हे कुणाला विचित्र वाटलं तरी.

सन्मान होत नाहीत असं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत कधी गेल्या नाहीत. गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. 'बाएफ' संस्थेने त्यांना साथ दिली, आणि जव्हार भागातही शेतकऱ्यांबरोबर गावठी वाणं जपण्याचं काम केलं. इथल्याच वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण तारपा बनतो कशाचा? वाळवलेला दुधीभोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण. भोपळ्याचं बी गेलं आणि रान गेलं की तारपाही गेला. शाल-श्रीफळ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी योजनेत सगळ्या गावाला एकाच संकरित जातीची पिशवी वाटायची, याला मान म्हणत नाहीत. शिरपेच म्हणजे शोभेचा तुरा नव्हे, अधिकाराची खूण. तो द्यायचा तर निर्णय द्यायला हवा.

आणि कायदा तो देतो! २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्कही मान्य केला, आणि जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये हा हक्क मिळवला आणि बांबू कधी, किती तोडायचा ते गाव ठरवू लागलं. २०१५ च्या पॅरिस करारातसुद्धा लिहिलंय की हवामान बदलाशी जुळवून घेताना विज्ञानाबरोबर आदिवासींचं ज्ञानही वाटाड्या असावं. पॅरिसला कळलं ते पालघरला कळायला हरकत नसावी!

याचा अर्थ सगळं जुनं सोनं, असा नाही. राबासाठी झाडांच्या फांद्या किती छाटायच्या, यावर वाद आहे आणि तो असायला हवा. फक्त तो ग्रामसभेत व्हावा, ज्यांना त्याच शेतात पुढच्या वर्षी पेरायचं आहे त्यांच्यात. विज्ञान हवंच. हवामान खात्याचा अंदाज हवा, मातीची तपासणी हवी. पण तज्ज्ञाने यावं ते पाहुणा म्हणून. पाहुणा सल्ला देतो, घरचा कारभार हातात घेत नाही.

मुंबईकर नातेवाइकांसाठी एक शेवटचं. २०१४ साली बांधून झालेलं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. तुमच्या नळाचं पाणी त्याच खोऱ्यातून येतं, आणि मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर जातो. तेव्हा या गोष्टीत यजमान अजूनही तेच आहेत आणि पाहुणे आपण. यजमानाला लाभार्थी म्हणणं, निदान आपल्या तोंडी, शोभत नाही.