कॉलर माईक : थोड्या पैशांत स्पष्ट आवाज

घरातल्या एखाद्या समारंभात मोबाईलवर काढलेला जुना व्हिडिओ आज परत उघडून बघा. चित्र झकास दिसेल. आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती मोजता येईल. पण ती बोलतेय काय? वर पंखा घरघरतोय, आतून कुकरची शिट्टी येतेय, कुणीतरी खुर्ची ओढतंय आणि आजीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा ऐकू येतोय.

चित्र जरा अंधारं असलं तर आपण चालवून घेतो. आवाज कळेनासा झाला की मात्र दोन मिनिटांत व्हिडिओ बंद करतो. म्हणून या वेळी बोलूया एका छोट्या वस्तूबद्दल. सदऱ्याला किंवा पदराला चिमट्याने लावायचा माईक. दुकानात ‘कॉलर माईक’ म्हणून मागा, लगेच मिळेल. घरच्या पाककृतींचं चॅनल असो, शिकवणीचे व्हिडिओ असोत, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेची ऑनलाईन प्रवेशिका असो की आजोबांच्या आठवणी, सगळीकडे तो उपयोगी पडतो.

सगळा खेळ अंतराचा

फोनचा माईक वाईट नसतो. तो फक्त लांब असतो. पूर्ण माणूस चौकटीत यावा म्हणून आपण फोन दीड-दोन मीटरवर ठेवतो आणि तिथेच आवाजाचं गणित बिघडतं. अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत थेट पोहोचणारी आवाजाची ऊर्जा चौथा हिस्सा उरते. उलट, दीड मीटरवरचा माईक १५ सेंटीमीटरवर आणला, तर अंतर दहापट कमी होतं आणि ऊर्जा शंभरपट मिळते. पंख्याचा आवाज मात्र साधारण तेवढाच राहतो. त्यामुळे बोलणं पुढे येतं आणि गोंगाट मागे पडतो.

म्हणूनच छातीवर लावलेला स्वस्त माईक दोन मीटरवरच्या महागड्या फोनला सहज हरवतो. माईक घेताना आणि वापरताना हे एवढं लक्षात ठेवलं, तरी अर्धं काम झालं.

हे माईक इतके स्वस्त कसे, असं वाटेल. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी नव्या तऱ्हेचा ‘इलेक्ट्रेट’ माईक तयार केला. लोहचुंबक जसं आपलं चुंबकत्व धरून ठेवतं, तसा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पडदा त्यात असतो. त्यामुळे माईक वाटाण्याएवढा लहान झाला, त्याला वीज अगदी कमी लागू लागली आणि तो कारखान्यात ढिगाने बनवता येऊ लागला. टेलिफोनपासून कानाच्या यंत्रापर्यंत तो पोहोचला. आपला वायरवाला कॉलर माईक त्याच घराण्यातला.

पैसे खर्च करण्याआधी

घरात वायरवाले इयरफोन पडलेले असतील, तर आधी ते काढा. त्यांच्या वायरीवर आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं, त्याच्याजवळ बारीक भोक दिसेल. तो माईक. इयरफोन फोनला जोडा, ते भोक बाहेरच्या बाजूला ठेवून वायर कपड्यांच्या चिमट्याने छातीजवळ लावा आणि एक मिनिट बोला. मग इयरफोन काढून, त्याच जागेवरून, तेच वाक्य नुसत्या फोनवर रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐका.

तुमच्या कामाला एवढं पुरत असेल, तर खरेदी इथेच थांबली. फरक जाणवतोय पण वायर तोकडी पडतेय, असं वाटलं तर पुढे वाचा. ब्लूटूथ इयरबड्सवर मात्र भिस्त ठेवू नका. बऱ्याच फोनचा कॅमेरा व्हिडिओ काढताना त्यांचा माईक वापरतच नाही.

घेताना आधी फोनची खालची कड बघा

बहुतेक खरेदी फसते ती पिनेमुळे. तुमच्या फोनला गोल भोक आहे, टाईप-सी आहे की लाइटनिंग, हे आधी बघा. आयफोनचं गोल भोक २०१६ मध्ये आयफोन ७ पासून गेलं. २०२३ च्या आयफोन १५ पासून त्याला टाईप-सी आलं, त्याआधीच्यांना लाइटनिंग लागतं.

गोल भोक असेल, तर माईकच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. फोनसाठी तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची पिन कॅमेऱ्यासाठी असते. ती फोनमध्ये बसेल, पण आवाज फोनच्याच माईकमधून येईल आणि तुम्हाला वाटेल की माईक बिघडलेला निघाला. अशा माईकला वेगळा जोड लागतो.

फक्त टाईप-सी असेल, तर एकतर टाईप-सी पिनेचाच माईक घ्या किंवा गोल पिनेसाठी कनेक्टर घ्या. कनेक्टर घेताना ‘डॅक असलेला, माईक चालणारा’ असं स्पष्ट विचारा. साधे कनेक्टर काही फोनवर चालतात, काहींवर नाहीत. शक्य असेल तर दुकानातच स्वतःच्या फोनला लावून ऐका. ऑनलाईन मागवत असाल, तर परत करता येतो की नाही, ते आधी वाचा.

वायरचा की बिनवायरचा?

एका जागी बसून बोलायचं असेल, तर वायरचा घ्या. चार्जिंगची कटकट नाही, मध्येच आवाज तुटणं नाही आणि त्याच पैशांत आवाज बहुधा अधिक चांगला मिळतो. या वर्गात बोया कंपनीचा बीवाय-एम१ बराच प्रचलित आहे. त्याची वायर ६ मीटर लांब असते. त्याच्या डबीवर एक बटण असतं. फोनला लावताना ते ‘स्मार्टफोन’कडे ठेवायचं. ‘कॅमेरा’कडे केलं की आतला छोटा एलआर४४ सेल वापरला जातो. बराच काळ वापरणार नसाल, तर सेल काढून ठेवा. वायर जास्त वाटली, तर गुंडाळून केसांच्या रबराने बांधा.

चालत-फिरत बोलायचं असेल, स्वयंपाक करताना हात मोकळे हवे असतील किंवा दोन माणसं एकमेकांशी बोलणार असतील, तर बिनवायरचा सोयीचा. छोटा रिसीव्हर फोनच्या टाईप-सीत खोचायचा आणि माईक कपड्याला लावायचा. एका रिसीव्हरबरोबर दोन माईक येतात, असेही संच मिळतात. पण हे माईक बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरातलं वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतं, शिवाय माणसाचं शरीर या लहरी अडवतं. त्यामुळे पाठ फिरवली, भिंतीआड गेलात की आवाज तुटू शकतो. बोलणाऱ्याची छाती फोनकडे राहील, असं बघा.

बऱ्याच बिनवायर माईकवर गोंगाट कमी करायचं बटण असतं. स्वस्त माईकमध्ये ते गोंगाटाबरोबर शब्दांची टोकंही खातं. आधी ते बंद ठेवून ऐका. गरज वाटली तरच चालू करा.

लावायचा कसा?

हनुवटीच्या खाली एक वीत, छातीच्या मधोमध. ही जागा पाठ करून ठेवा. कॉलरला अगदी गळ्याशी लावला, तर आवाज हनुवटीखाली दबतो आणि मान वळवली की बदलतो. पोटाजवळ लावला, तर परत लांब.

सदरा किंवा झब्बा असेल, तर बटणांच्या पट्टीवर लावा. साडीवर पदराची कड खांद्यावरून छातीवर येते तिथे चिमटा नीट बसतो. वायर पदराखालून मागे न्या. मंगळसूत्र, लांब माळ, ओढणीची झालर माईकला घासत असेल, तर प्रत्येक हालचालीला खरखर येणार. तेवढ्यापुरतं ते बाजूला करा. कडक कांजीची साडी आणि सळसळणारं सिंथेटिक कापड माईकला फार ऐकू जातं. मऊ सुती कपडा उत्तम. माईक कपड्याच्या आत लपवू नका, दिसला तरी काही बिघडत नाही.

चिमट्याजवळ वायरीचा एक छोटा फेरा करून चिमट्यात अडकवा. वायर ओढली गेली, तरी धक्का माईकपर्यंत जात नाही. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा भपकारा येत असेल, तर माईक तोंडाच्या सरळ रेषेतून जरासा बाजूला घ्या. साध्या वायरच्या माईकला बहुधा सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकू येतं, त्यामुळे तो उलटा लावला, तरी चालतो. स्पंजची टोपी काढू नका. गच्चीवर, शेतात किंवा समुद्रकाठी वारा असेल, तर केसाळ टोपी लागेल.

खोलीकडेही लक्ष द्या

फरशी, उघड्या भिंती, रिकामी खोली म्हणजे आवाज घुमणार. त्यासाठी महागडं काही नको. पडदे ओढा, खाली सतरंजी टाका, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला खुर्चीवर गोधडी पसरा. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, तरी फरक पडतो. पंखा दहा मिनिटं बंद ठेवा. उन्हाळ्यात वयस्कर माणसांना मात्र असं बसवू नका, सकाळची थंड वेळ निवडा.

सुरू करण्याआधी चार गोष्टी

एक, फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोन आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं.

दोन, माईक चालू आहे का ते तपासा. व्हिडिओ सुरू करून माईकवर हलकेच टिचकी मारा, मग फोनच्या खालच्या कडेवर मारा. थांबवून ऐका. माईकवरची टिचकी ‘टक्क’ अशी मोठी यायला हवी. तसं नसेल, तर फोन स्वतःचाच माईक वापरतोय.

तीन, तसं झालं तर पिन पूर्ण आत गेली आहे का बघा, कव्हर अडवत असेल तर काढा. काही फोनमध्ये टाईप-सी माईकसाठी सेटिंग्जमधून ‘ओटीजी’ चालू करावं लागतं. काही फोनचा कॅमेरा बाहेरचा माईक ओळखत नाही. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्या, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये बाहेरचा माईक निवडता येतो.

चार, तरीही जमलं नाही, तर गोल भोकाचा जुना फोन कपाटातून काढा. माईक त्याला लावा, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि तो फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. चित्र नव्या फोनवर घ्या. दोन्ही सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. एडिटिंग ॲपमध्ये दोन्हींतली टाळी जुळवली की ओठ आणि शब्द जुळले. सिनेमावाल्यांची क्लॅपर पाटी हेच काम करते.

आधी कुणाचा आवाज?

माईक आला की पहिला मान घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला द्या. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही हजारच गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. बाकीच्यांचे शब्द कागदावर उरले. त्या बायकांचा सूर, थांबणं, मध्येच हसणं कागदावर उतरत नाही.

तुमच्या घरातही असंच काहीतरी असतं. इंदूरच्या आत्याची हिंदीत मुरलेली मराठी, बडोद्याच्या काकांचा गुजराती हेल, तंजावरच्या घरांत तमिळच्या शेजाराने घडलेली मराठी. ही बोली शाळेच्या पुस्तकात नाही. ती त्या माणसांच्या तोंडी आहे, तोवरच ऐकायला मिळणार.

आधी त्यांना विचारा, व्हिडिओ कुणाला दाखवणार तेही सांगा. मग ‘काहीतरी बोला ना’ असं म्हणू नका, माणूस गोंधळतो. नेमका प्रश्न द्या. ‘तुमच्या लग्नात पंगतीला काय होतं?’, ‘शाळेत जायची वाट कुठून होती?’ त्या बोलू लागल्या की मध्ये बोलू नका, नुसती मान डोलवा. तुमचा ‘हो का!’ नेमका त्यांच्या शब्दावर पडतो.

झाल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाईल दाबली जात नाही. एक प्रत फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा. फाईलला नाव, गाव आणि तारीख द्या. वीस वर्षांनी ती उघडणाऱ्याला ‘व्हिडिओ ००४७’ वरून काही कळणार नाही.

या रविवारी अर्धा तास काढा. माईक आलेला नसेल, तर इयरफोन आहेतच. एकच प्रश्न विचारा, दहाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि लगेच त्यांनाही ऐकवा. स्वतःचा आवाज इतका स्वच्छ ऐकला की पुढची गोष्ट त्या आपणहून सांगायला बसतील.