मिचेलच्या नावावर काढा

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत यंदा एक वक्ते पेशींना ऊर्जा देणारा काढा घेऊन आले. पुरावा विचारताच त्यांनी पीटर मिचेलला साक्षीला उभे केले. "त्यालाही शास्त्रज्ञ हसले होते. पुढे नोबेल मिळाले!" टाळ्या पडल्या. जीवशास्त्र शिकवण्यात माझा उभा जन्म गेला. त्या टाळ्या मला सोसल्या नाहीत.

हसले हे खरे. अन्नातली ऊर्जा एटीपी या रेणूत कशी उतरते, असा तो वाद. मध्ये एखादा ऊर्जावाहक पदार्थ तयार होत असावा, असे स्लेटरने १९५३ साली मांडले. भलेभले तो शोधत बसले. असा पदार्थच नाही, असे मिचेल १९६१ साली म्हणाला. तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात आणि परत येताना ते एटीपी घडवतात. पडत्या पाण्यावर गिरणी चाललेली ज्यांनी पाहिली, त्या गोकाककरांना हे वेगळे समजवायला नको.

पण तो जिंकला कशाने? हसण्याने? कॉर्नवॉलमधला मोडकळीला आलेला वाडा दुरुस्त करून त्याने तिथे प्रयोगशाळा थाटली आणि जेनिफर मॉयलसह प्रोटॉन मोजत बसला. १९६६ साली अमेरिकेत यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाची हरितलवके आधी आम्लात, मग अल्कलीत टाकली. गडद अंधारात एटीपी तयार झाले! १९७४ साली तर रॅकर आणि स्टोकेनियस यांनी कमालच केली. मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारे प्रथिन आणि बैलाच्या हृदयातले एटीपी बनवणारे यंत्र त्यांनी एकाच कृत्रिम पिशवीत बसवले. प्रकाश पडला, एटीपी झाले. आता मधला पदार्थ लपायचा कुठे? आणि हा रॅकर आधी त्या पदार्थाच्याच शोधात होता बरे!

नोबेल १९७८ साली मिळाले. तरीही प्रोटॉन थेट एटीपी जोडतात, हे मिचेलचे म्हणणे टिकले नाही. प्रथिन आपला आकार बदलून ते काम करते, असे बॉयर सांगत होता. १९९७ च्या नोबेलमध्ये त्याचाही वाटा होता.

मी उठून विचारले, "कोणता प्रयोग फसला तर तुम्ही हा काढा विकणे थांबवाल?"

अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. बाहेर मेजावर बाटल्या मांडलेल्या होत्याच.