आधी सुचू द्या, मग नावं ठेवा

'निसर्गचित्र काढा' म्हटलं की दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी आणि एक वाकडा माड. कुठल्याही शाळेत जा, चित्र तेच! मुलांना सुचत नाही असं नाही. एकाने काही वेगळं बोलून दाखवलं की वर्ग हसतो आणि पुढच्यांचं पोटातच राहतं.

अमेरिकेतले जाहिरातवाले अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी यावर 'ब्रेनस्टॉर्मिंग'ची युक्ती मांडली. १९५३ सालच्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सर्वदूर पोचली. नियम साधे: टीका नंतर, कल्पना भरपूर, वेड्या कल्पनाही चालतील, दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्यावी. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात मात्र एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र मोजल्या, तर त्या गटापेक्षा जास्त भरल्या. म्हणून माझं मत असं, की आधी दहा मिनिटं प्रत्येकाने गुपचूप कागदावर रेघोट्या माराव्यात, बोलणं मग.

आणि प्रश्न आपल्या मातीतला हवा. मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी वळणाचे तालुके. २०२३ साली दोन्ही मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक समोरासमोर दगडफेक करतात. हीच गोटमार. दरवर्षी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांना ते रुचलं नाही. सुचलं होतं साहेबांना, गावाला नव्हे!

तिथल्या चित्रकलेच्या मुलांना विचारून पाहा: झाड राहावं, झेंडा राहावा, ईर्षाही राहावी, फक्त रक्त सांडू नये, तर नदीवर काय दिसेल? काढा! शाळा हिंदी असली तरी या तासाला घरच्या मराठीत बोलू द्या. उसन्या भाषेत माणूस आधी व्याकरण सांभाळतो, कल्पना मागे राहते.

आपल्याला हे नवं नाही. दिवाळीआधी वाड्यावरची पोरं नरकासुर करायला जमतात, तेव्हा डोळे कसे, हात हलते करायचे कसे, यावर रात्रभर खल चालतो. मास्तर नाही, मार्क नाहीत, इंग्रजीची धास्ती नाही. तीच पोरं चित्रकलेच्या तासाला मुकी होत असतील, तर दोष पोरांचा नव्हे, तासाचा आहे.