दोन आज्ञावली आणि मधली रांग

आपल्या शाळांतून संगणक शिकवला जातो, पण एका आज्ञावलीने दुसरीशी बोलावे कसे, हे क्वचितच शिकवले जाते. मुले शंभर-दोनशे ओळींची एकच लांबलचक आज्ञावली लिहितात, पडद्यावर रंगीत आकृती उमटते आणि गुण मिळतात. माझ्या मते हे बदलायला हवे. नववी-दहावीच्या प्रकल्पातच विद्यार्थ्यांनी दोन लहान आज्ञावली लिहाव्यात आणि त्यांच्यामध्ये संदेशांची रांग ठेवावी.

उदाहरण पावसाचेच घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. तेव्हा मुलुंडचा पाऊस मुलुंडलाच मोजलेला बरा! समजा, तिथल्या एखाद्या शाळेने गच्चीवर पर्जन्यमापक बसवून संगणकाला जोडला. त्यातल्या लहानशा भांड्यात ठरावीक पाणी साचले की ते कलंडते आणि संगणकाला एक ठोका मिळतो. ठोके मोजणे आणि आलेख काढणे ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीवर सोपवली, तर ती आलेख रेखाटण्यात गुंतलेली असताना आलेले ठोके निसटू शकतात. आणि मुसळधार पावसात तर ठोके भराभर येतात.

मग कामे वाटून देऊ. चालू असलेल्या आज्ञावलीला 'प्रक्रिया' म्हणतात. संगणक प्रत्येक प्रक्रियेला स्मृतीत स्वतंत्र जागा देतो. एकीच्या जागेत दुसरीला डोकावता येत नाही. दोघींना एक सामाईक जागा देता येते, पण तीत धोका आहे. समजा, तिथे ५ हा आकडा आहे. दोघींनी तो एकदमच वाचला आणि प्रत्येकीने १ मिळवून ६ लिहिले. उत्तर ७ हवे होते! एक ठोका हरवला आणि कुणाला कळलेही नाही.

रांगेत हा घोळ होत नाही. एक प्रक्रिया मागच्या टोकाला संदेश ठेवते, दुसरी पुढच्या टोकाचा उचलते. पायथन या भाषेबरोबर २००८ पासून 'मल्टिप्रोसेसिंग' नावाचा विभाग मिळतो. त्यातल्या रांगेला 'पुट' म्हटले की संदेश ठेवला जातो, 'गेट' म्हटले की हाती येतो. रांग रिकामी असेल तर 'गेट' म्हणणारी प्रक्रिया स्वस्थ थांबून राहते. रांगेला मर्यादा घातली आणि ती भरली, तर 'पुट' म्हणणारीलाही थांबावे लागते, आणि मग ठोके पुन्हा निसटू लागतात. मर्यादाच घातली नाही, तर रांग वाढत वाढत स्मृती व्यापून टाकते. किती लांब रांग ठेवावी, हे कोणतीही भाषा आपणहून ठरवत नाही; ते विद्यार्थ्यानेच ठरवायचे. पडद्यावरच्या रंगांपेक्षा या निर्णयाला मी अधिक गुण देईन.

'एवढे अवघड मुलांना कशाला?' असे काही शिक्षक विचारतील. वीस-पंचवीस ओळींत होणाऱ्या गोष्टीला अवघड म्हणवत नाही. शिवाय या कल्पनेचा एक मोठा दाखला आपल्याच उपनगरांत आहे. जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. देशातल्या संगणक-जाळ्याचे ते पहिले धागे. दोन्ही ठिकाणचे संगणक सदैव जोडलेले नसत. 'यूयूसीपी' नावाच्या पद्धतीने पत्रे डिस्कवर रांगेत थांबत आणि फोन लागला की पुढे सरकत. लाइन मध्येच तुटली तर पत्र डिस्कवरच राही व पुढच्या वेळी जाई. पलीकडून पोचल्याची खबर आल्यावरच ते रांगेतून काढले जाई.

पायथनची वर सांगितलेली रांग मात्र स्मृतीत असते; वीज गेली की ती पुसली जाते. आपल्याकडे वीज कधी जाते? धो धो पावसातच! म्हणून पर्जन्यमापकाच्या प्रकल्पात जुहू-पवईची युक्ती वापरावी. प्रत्येक ठोक्याची नोंद वेळेसह आधी डिस्कवर लिहावी, आणि ती आलेखात उतरल्यावरच रांगेतून काढावी. यातही एक खोच आहे. नोंद आलेखात उतरली, पण रांगेतून काढण्याआधीच वीज गेली, तर वीज आल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा येईल आणि पाऊस होता त्याहून जास्त दिसेल. त्यासाठी प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा. आधी येऊन गेलेला क्रमांक पुन्हा दिसला, तर आलेख काढणाऱ्या आज्ञावलीने ती नोंद सोडून द्यावी.