आधी माशाचं तोंड बघा

गेल्या वर्षभरात सोलापुरातल्या निदान दहा पोरांनी मला एकच प्रश्न विचारलाय: "दादा, रॉड किती किलोचा घेऊ?" हिप्परग्याच्या तलावावर विचारलाय, वडकबाळच्या पुलाखाली सीनेच्या काठावर विचारलाय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारलाय. हा प्रश्नच चुकीचा आहे, एवढंच मला या लेखात सांगायचंय. कुणाला राग आला तर येऊ दे. पहिला राग माझ्यावरच यायला हवा, कारण हाच प्रश्न मीही विचारला होता. त्याची किंमत मी पैशात मोजली आणि एका पाणकावळ्यानं जिवात.

सुरुवात एका व्हिडिओपासून झाली. मध्य अमेरिकेतली कुठलीशी नदी, दोन्ही काठांवर गच्च झाडी, चहाच्या रंगाचं पाणी. होडीत उभा असलेला माणूस गळ टाकतो, दोन झटके देतो आणि पाणी फुटतं. आरशासारख्या खवल्यांचा एक मासा हवेत तीन-चार फूट उडतो, अंग झटकतो, परत पडतो, परत उडतो. टार्पन. पूर्ण वाढलेला टार्पन माणसाएवढा होतो, पण हा लहान होता, पाच-सहा किलोचा. मी तो व्हिडिओ एका रात्रीत सात वेळा बघितला. खाली सामानाची यादी होती. पहिल्या पगारातून साडेचार हजार घातले आणि त्या यादीच्या जवळपास जाणारं सगळं मागवलं: सात फुटी ताठ रॉड, मोठं रीळ, पोपटी रंगाची ब्रेडेड दोरी, जाडजूड लीडर आणि करंगळीच्या पेराएवढे गळ.

सहा रविवार हिप्परग्यावर बसलो. एकही मासा नाही. माझ्यापासून वीस पावलांवर एक मामा बांबूची काठी, तंगूस आणि मोरपिसाची काडी घेऊन बसायचे आणि दुपारपर्यंत पिशवीभर चिलापी घेऊन जायचे. सहाव्या रविवारी त्यांना राहवलं नाही. उठून आले, माझा गळ बोटात धरून बघितला आणि म्हणाले, "पोरा, ह्या गळाला म्हैस बांधता यील. चिलापीचं तोंड कधी बघितलंयस का?"

नव्हतं बघितलं. आयुष्यभर चिलापी खाल्ली होती, ज्वारीच्या भाकरीबरोबर, तिखटजाळ रश्श्यात. तिचं तोंड कधी बघितलं नव्हतं.

आता त्या व्हिडिओवाल्याबद्दल बोलू. माझं भांडण त्याच्याशी नाही, कारण त्याचं सामान त्याच्या माशासाठी बरोबर होतं. टार्पनचं तोंड आतून हाडासारखं कडक असतं, साधा गळ सहजी रुतत नाही. म्हणून तिथं मजबूत आणि अणकुचीदार गळ लागतो, किंवा जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप जाऊन बसणारा गोल वळणाचा गळ. टार्पनला कापणारे दात नसतात, पण जबडा खरकागदासारखा खरखरीत असतो. तो पातळ दोरी घासून घासून तोडतो, म्हणून शेवटचे दोन-तीन फूट जाड लीडर. त्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो. म्हणजे तो भक्ष्य खालून वर येऊन घेतो, म्हणून आमिष त्याच्या डोळ्यांच्या वर ठेवायचं. तो उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक त्याच्या दिशेनं खाली झुकवून दोरी सैल सोडायची, नाहीतर हवेतल्या एका झटक्यात सगळं तुटतं. आणि एवढं करूनही लहान टार्पनसाठी तिथले जाणते लोक हलका रॉड आणि बारीक मुख्य दोरीच वापरतात, कारण मोठ्या टार्पनचं सामान छोट्यावर चालवण्यात ना मजा ना अर्थ.

त्या यादीतली प्रत्येक वस्तू माशाच्या तोंडाकडे बघून निवडलेली होती. मी त्याचं उत्तर उचललं आणि प्रश्न तिथंच सोडून आलो. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका उतरवावी आणि त्याचा प्रश्नसंच वेगळा निघावा, तसं झालं. टार्पनचा एक लहान भाऊबंद आपल्या देशाच्या किनाऱ्यावर, खाड्यांत आहे. पण सोलापूरकरांनो, आपली भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. मधले बांध-धरणं चढून कुठलाही टार्पन टाकळीच्या काठावर तुमची वाट बघायला येणार नाही.

मग आपल्या पाण्यात काय आहे? चिलापी आहे, मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणलेली आणि आता आपल्यापेक्षा जास्त सोलापूरकर झालेली. तोंड लहान, ओठ मऊ. ती आमिष गिळत नाही, ओठांनी चाचपते. तिला 10 किंवा 12 नंबरचा गळ लागतो. (गळाच्या नंबरात सगळे फसतात: नंबर वाढला की गळ लहान होतो, आणि 1 नंतर 1/0, 2/0 सुरू झालं की परत मोठा.) कटला आहे. त्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, खालच्या ओठाला झालर. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाटतो. शेततळ्यात हे तिन्ही एकत्र सोडतात ते उगीच नाही, तिघांच्या खाण्याचे मजले वेगळे आहेत. म्हणजे काडी कुठं बांधायची, शिसं किती लावायचं, हे दुकानदारानं सांगायची गोष्टच नाही. ते माशाच्या तोंडावर लिहिलेलं आहे.

आणि हे वाचणारी माणसं आपल्याच काठावर होती. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. तेव्हा काही माशांना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच ठेवली: खुद्री, कोलस, मुसुल्ला. दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय नाव आजही टोर खुद्री आहे. जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या नदीकाठचा शब्द उच्चारतात आणि आपण मात्र "टॉपवॉटर" आणि "जर्कबेट" पाठ करून बसलोय. हा शब्दांचा हट्ट नाही. ज्याला मरळ, वाम आणि शिंगाडा वेगळे ओळखता येत नाहीत, तो तिघांसाठी एकच गळ विकत घेणार, हे ठरलेलं आहे.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे. "पातळ दोरी लावली आणि एखादा मोठा रोहू लागला तर? जाड असलेली बरी." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण दोरी एकटी काम करत नाही. रॉड वाकतो तो दिसायला छान म्हणून नाही, माशाचा झटका खाण्यासाठी. रिळाला ड्रॅग असतो. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश जोरावर तो लावला, की मासा ओढ घेतो तेव्हा दोरी तुटण्याऐवजी सुटत जाते. म्हणून तीन किलो झेलणाऱ्या दोरीवर पाच किलोचा मासा येऊ शकतो, फक्त वेळ आणि सबुरी लागते. उलट नायलॉनची जाडी दुप्पट केली की ताकद साधारण चौपट होते हे खरं, पण ती दोरी पाण्यात ताठ राहते, वेटोळी धरते, हलक्या काडीला नीट उभं राहू देत नाही. चिलापीनं ओठ लावला तरी तुम्हाला कळतही नाही. न लागलेल्या माशासाठी दोरी कितीही जाड असून काय उपयोग?

हा सगळा पैशाचा आणि हौसेचा मामला असता तर मी लिहायला बसलो नसतो. सहाव्या रविवारी मामांचं ऐकून मी लगेच शहाणा झालो असं नाही. उलट चिडलो, आणि सातव्या रविवारी आणखी लांब फेकलं. गळ पाण्यात बुडालेल्या बाभळीत अडकला. साधं तंगूस असतं तर गाठीपाशी तुटलं असतं आणि दीड-दोन फूट आत राहिलं असतं. माझी ब्रेडेड दोरी तुटेना, जाड लीडर तुटेना. हाताला गुंडाळून ओढली, तळव्याला चीर पडली, शेवटी रिळाजवळ कापली. पंधरा-वीस मीटर पोपटी दोरी पाण्यात सोडून घरी आलो.

उन्हाळा होता, पाणी रोज उतरत होतं. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा ती बाभूळ अर्धी उघडी पडली होती आणि तिच्यावर एक पाणकावळा उलटा लटकला होता. एका पंखाला आणि मानेला पोपटी दोरी. पाणकावळा बुडी मारून मासे धरतो आणि मग पंख पसरून वाळवत बसतो, तशाच पसरलेल्या पंखांनी तो मेला होता. त्या तलावावर पोपटी दोरी वापरणारा मी एकटाच होतो. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती.

उजनी मायनसमध्ये गेली की आपण सगळे टीएमसीचे आकडे बोलतो. त्या दिवसांत एकदा काठाकाठानं चालून बघा. बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात आणि त्यांच्यावर तंगूस, जाळ्यांच्या चिंध्या, गंजलेले गळ. तिकडे भिगवणला आपण रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला जातो, तेही याच पाण्यावर. नायलॉन कुजत नाही. गरजेपेक्षा जास्त ताकदीची दोरी अडकली की जास्त लांब मागे राहते, आणि ज्याच्या गळ्यात पडते त्यालाही ती तोडता येत नाही.

जाड सामान कुठंच नको असं माझं म्हणणं नाही. मरळीला हवंच. मरळ टार्पनसारखीच वर येऊन हवा घेते, शिकारी आहे, पाणगवतात दबा धरून बसते. तिला गवतातून ओढून काढायला दणकट दोरी लागते, तिथं बारीक दोरी लावणारा मासाही घालवतो आणि त्याच्या तोंडात गळही सोडतो. पण मरळीचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो, आणि इथं मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं घोळक्यानं पाण्यावर येतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या घोळक्यावर रबरी बेडूक टाकला की पहारेकरी हमखास झडप घालतो, भुकेनं नाही, पिल्लांसाठी. असले व्हिडिओ लाखांनी बघितले जातात आणि त्यावर "काय स्ट्राइक आहे भावा" अशी दाद पडते. पहारेकरी गेला की तो घोळका इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो. याला कौशल्य म्हणणाऱ्यांनी पुढच्या वर्षी तलावात मरळ का नाही म्हणून रडू नये. चिलापीची मादी तर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. गळ काढताना तोंडातून पिल्लं सांडली तर तिला लगेच पाण्यात सोडा. पिशवीत एक मासा कमी गेला तरी घरचे जेवतात.

माझ्याकडे आता नऊ फुटी, लवचिक, हलका रॉड आहे, लहान रीळ, 0.20 मिलिमीटरचं तंगूस, मोरपिसाच्या काड्या आणि डबीत 8 ते 12 नंबरचे गळ. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलाय. मासे थोडे जास्त सुटतात, पण जे परत सोडायचे ते धड परत जातात. मरळीचं सामान वेगळं, ते पिल्लांच्या दिवसांत माळ्यावर. तुटकी दोरी खिशात घालून घरी आणतो. धरणावर ठेका असेल तर विचारून बसतो.

पोपटी दोरीचा तो रॉड गेल्या महिन्यात विकायला काढला. जुळे सोलापुरातून एक पोरगा बघायला आला, कॉलेजचा असेल. रॉड हातात घेऊन दोनदा हवेत फिरवला.

"दादा, किती किलोचा मासा उचलतो हा?"

"बसणार कुठं आहेस?"

"हिप्परग्याला."

मी डबीतून 12 नंबरचा एक गळ काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उजेडात धरून बघितला. "एवढासा?" म्हणाला. रॉड काही मी त्याला विकला नाही. रविवारी सकाळी सहाला ये म्हणालो, मामाही असतील.